पिशवी खाली आहे

उज्जैन, ९ जुलै

प्राजक्ता,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. मागे तुझ्या आईने मला कुळथाचं पीठ पाठवलं होतं, त्या खोक्यावरचा पत्ता मी जपून ठेवला होता.

मला भांडण उकरायचं नाही. मला फक्त एक हवं आहे. त्या दुपारी समुद्रात आपण परत उतरलो तेव्हा किती खोल गेलो आणि वर किती वेगाने आलो, हे तू एका डॉक्टरांना सांगायचं आहे. खोली दाखवणारं घड्याळ तुझ्या हातात होतं. माझ्याकडे नव्हतं. शिवाय मला त्या शेवटच्या भागातलं नीट आठवत नाही. फक्त हिरवट उजेड आठवतो आणि तुझा हात.

कारण असं की, ते परत आलं आहे.

फेब्रुवारीत मालवणच्या डॉक्टरांनी माझ्या कागदावर ‘संशयित’ असं लिहिलं होतं. पाण्याखालून घाईने वर आलेल्या माणसाच्या अंगात वायूचे बुडबुडे धरतात, तो आजार. ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत मुंग्या गेल्या, आणि बरी झालीस म्हणून मला घरी पाठवलं. दोन-अडीच महिने खरंच काही नव्हतं. मग मे महिन्यात एकदा चप्पल घालून बाहेर निघाले आणि देवास गेटच्या बस स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं की डाव्या पायात चप्पलच नाही. पायाला ते कळलं नव्हतं.

मी बाकी ठीक आहे.

वरचं वाक्य खरं नाही. तुला माहीत आहे, मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. अण्णांच्या बँकेच्या बदल्या शाजापूर, आगर, सुसनेर अशा गावांत, आई तर आधीच गेलेली, म्हणून अक्काने, माझ्या आत्याने, घरीच शिकवलं. तिचे दोन नियम होते. बोलताना कसंही बोल, लिहिताना शुद्ध लिही. आणि लिहिलेलं वाक्य खोटं निघालं तर खोडायचं नाही, त्याच्यापुढे खरं लिहायचं. तर खरं हे: पाय बधिर होतो, चालताना जमीन कापसासारखी लागते, संध्याकाळ झाली की मान आणि डोकं इतकं जड होतं की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याची सुरुवात विसरते. चार दिवस बरं असतं, पाचव्या दिवशी परत.

इथल्या डॉक्टरांनी आधी विटामिन दिलं. मग मोठ्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून पाठीचे फोटो काढले. ते स्वच्छ आले. ते म्हणाले, “समंदर की बीमारी उज्जैन में कहाँ से आएगी? आप सोचती बहुत हैं.” अण्णांनी मान हलवली, कारण ते खरं आहे. मी सोचतेच.

इंदूरला एक डॉ. चारुलता आहेत, पूर्वी नौदलाच्या इस्पितळात होत्या. त्यांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तू सांगतेस ते जुळतंय, पण अर्धंच सांगतेस. नियमाने केलेल्या बुडीने हे व्हायला नको. परत उतरलात तेव्हा काय झालं ते तुझ्यासोबत जी होती तिच्याकडून मला कळू दे. उशीर झालाय, तरी तसं असेल तर प्रेशर चेंबरमध्ये, दाबाच्या हवेत, ठेवून बघण्यात अर्थ आहे. नसेल तर उगीच नको.” त्यांचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. माझ्याशी बोलू नकोस, त्यांच्याशी बोल.

देवश्री


उज्जैन, २३ जुलै

प्राजक्ता,

उत्तर आलं नाही. कदाचित पावसात टपाल अडकलं असेल. (हे मला खरं वाटत नाही, पण शक्य आहे.)

तुला वाटत असेल, हिला कशाला मदत करू. म्हणून मला जेवढं आठवतं तेवढं लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर.

समुद्र साफ करणाऱ्या संस्थेसाठी आपण खडकावर अडकलेली जुनी जाळी काढायला उतरलो होतो. सकाळच्या बुडीत भरपूर निघाली. दुपारच्या बुडीत तो दुसरा खडक स्वच्छ निघाला. एक सुतळीसुद्धा नाही. म्हणून मी आपली जाळीदार पिशवी गुंडाळली आणि जॅकेटच्या खिशात कोंबली. आपण सावकाश वर आलो, नियमाप्रमाणे थांबत थांबत. वर लाटा होत्या. रुचिरदादा चालवत होता ती तुझ्या बाबांची नाव लांब गेली होती. तू माझ्या कमरेकडे बघून ओरडलीस, “पिशवी खंय?” मी ओरडून सांगितलं की पिशवी रिकामी आहे. तू काहीतरी शिवी घातलीस, तोंडात नळी घेतलीस आणि सरळ बुडी मारलीस.

मला काही कळेना. पण जोडीदाराला एकटं सोडायचं नाही हा तूच शिकवलेला पहिला नियम. माझ्या टाकीत हवा थोडीच उरली होती, तरी मी आले. तू तळाशी दगडांच्या फटींमधून हात घालत होतीस. मी खांद्याला धरलं तर झटकलंस. मग माझी हवा ओढायला जड जाऊ लागली. मी गळ्यावर आडवा हात फिरवला. तुझे डोळे मोठे झाले, एवढं स्पष्ट आठवतं. तू तुझी जादाची नळी माझ्या तोंडात दिलीस, मला कवटाळलंस आणि आपण वर आलो. किती वेगात, ते तुला माहीत.

नावेत मी जॅकेट काढलं तेव्हा गुंडाळलेली पिशवी खिशातून पडली. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. “पिशवी तुझ्याकडेच आसा मगे! खोटारडी!”

तेवढ्यात मला घेरी आली. त्यानंतर आपण बोललो नाही.

प्राजक्ता, मी तो शब्द घेऊन रोज झोपते. मी खोटं काय बोलले? संस्थेच्या साहेबांनी लिहून मागितलं तेव्हा मी लिहिलं, ‘पिशवी रिकामी असल्याचे मी सांगितले होते, तरीही प्राजक्ता परत उतरली.’ आणि तू लिहिलंस की मी पिशवी तळाशी राहिल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, दोघींपैकी एक खोटं सांगते आहे. परत न उतरण्याचा नियम तू मोडला होतास, म्हणून कामातून तुझं नाव गेलं.

मला पटत नाही की तू खोटं लिहिशील. पण मीही लिहिलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे मला सुटत नाही. आणि डॉक्टर म्हणतात मी फार विचार करते.

देवश्री

ता. क. एक राहिलं. घरी येताना बस घाट चढायला लागली तेव्हाच हातांना पुन्हा मुंग्या आल्या होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. गाडी परत फिरवतील आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल असं वाटलं.


उज्जैन, १२ ऑगस्ट

प्राजक्ता,

इथे एकाच घरात राहून दोन श्रावण चालतात. शहराचा सावन पौर्णिमेला संपलासुद्धा, आमचा मराठी श्रावण अजून अर्धा बाकी आहे. काल महाकालची सवारी होती, रस्ते बंद, सगळे बघायला गेले. मी गर्दीत उभी राहू शकत नाही. पायाला जमिनीचा भरवसा नाही, कुणी धक्का दिला तर पडेन. म्हणून फ्रीगंजच्या घरात एकटी बसले. ढोल-ताशांचा आवाज येत होता. एरवी मला एकटं बसायला आवडतं. काल आवडलं नाही.

शेजारच्या दुबे चाची परवा आल्या होत्या. “बिटिया, राम घाट पर एक डुबकी लगा ले, पानी का रोग पानी ही ले जाएगा.” मी हसले. नंतर अण्णा खरंच म्हणाले, “चल ना, काय हरकत आहे? मी सोबत येतो.” गेलो. शिप्रेत मी पायरीवर बसले, गुडघ्यापर्यंत पाय सोडले. उजव्या पायाला पाणी गार लागलं. डाव्या पायाला काहीच लागलं नाही, नुसतं पाणी आहे असं दिसत होतं. अण्णांनी ओंजळीने माझ्या डोक्यावर पाणी घातलं आणि विचारलं, “बरं वाटून राहिलंय का थोडं?”

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा बघून म्हटलं. हे खोटं होतं.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, “देवू, तू लहानपणापासून अशीच आहेस. झोपल्यावर उठून गॅस बंद आहे का बघायची. मग परत उठायची. पेपर देऊन आली की रडायची, आणि नंबर पहिला. तुझं मनच असं आहे बेटा. कोई बुरी बात नहीं है.”

“अण्णा, पाय बधिर झालाय. मन नाही.”

“डॉक्टर म्हणतात ना, फोटो साफ आहेत म्हणून.”

“इंदूरच्या बाई म्हणतात, फोटोत दिसेलच असं नाही.”

“आणि ज्या पोरीपायी हे झालं, तिलाच पत्रं टाकून राहिली आहेस! तिने एक तरी उत्तर दिलं?”

ते रागावले नव्हते, थकले होते.

तुला खरी गोष्ट सांगू? मलाच आता कळत नाही. सकाळी जाग आली की डोळे न उघडता मी डाव्या पायाची बोटं एकेक हलवून बघते. करंगळी सापडत नाही. मग वाटतं, मी शोधते म्हणून सापडत नाही का? शोधलंच नसतं तर ती तिथे असती का? ज्या मुलीने आयुष्यभर बंद गॅस तपासला, तिच्या करंगळीवर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा नाही ठेवत. या जगात एकच माणूस आहे जे तिथे माझ्यासोबत होतं. तू ‘हो, आपण फार घाईने वर आलो’ एवढं म्हणालीस, तर माझा पाय खरा होईल. तू ‘नाही, काही विशेष नव्हतं’ म्हणालीस, तरी चालेल. मग मी मनाचा इलाज करेन. पण काहीतरी म्हण.

गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडले. फार लागलं नाही. घरी सांगितलं की पायरी ओली होती. ओली नव्हती.

देवश्री


उज्जैन, ३१ ऑगस्ट

प्राजक्ता, प्राजक्ता,

हे पत्र फाडू नकोस. आधीची फाडली असशील तर हरकत नाही, हे वाच.

माझा भाऊ अपूर्व, त्याचं लग्न मे महिन्यात झालं. वहिनी साताऱ्याची आहे, श्रुती. आज सकाळी मोदकांची दुसरी खेप चालू होती. अक्का सारण ढवळत होती, मी खुर्चीवर बसून नारळ खवत होते. अक्का म्हणाली, “श्रुती, गुळाचा डबा खाली आहे गं.”

श्रुती वाकली. ओट्याखालचं दार उघडलं, पातेली सरकवली, आत डोकं घातलं. “अक्का, इथं नाही.”

“काय नाही?”

“डबा. दिसत नाहीये खाली.”

“दिसेल कसा? हा काय माझ्या हातात आहे!”

“अहो मग खाली आहे म्हणालात ना!”

“हो, खालीच आहे! बघ!” आणि अक्काने डबा उलटा करून तिच्यासमोर हलवला.

श्रुती जमिनीवर बसून एकदा डब्याकडे, एकदा अक्काकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, सासरी आल्या आल्या आपली थट्टा चालली आहे. अपूर्व दारात उभा राहून इतका हसला की त्याला धरायला लागलं. “अगं, ती खाली म्हणजे रिकामा म्हणून राहिली आहे. जा, आता दुकानातून गूळ आणायला मलाच पाठव.”

“मग रिकामा म्हणा की सरळ! आणि एखादी गोष्ट खरंच खाली असली, तर काय म्हणता?”

“खालीच म्हणतो.”

“मग कळतं कसं?”

“कळतं,” अपूर्व म्हणाला. “आपल्या माणसाला कळतं.”

सगळे हसत होते. मी पण हसत होते. आणि मग माझ्या हातातून नारळाची वाटी पडली. अपूर्व धावत आला, “काय झालं? पाय?” मी म्हटलं, पाय नाही.

प्राजक्ता, मी त्या दिवशी ‘रिकामी’ म्हटलंच नव्हतं. मी ‘रिकामी’ कधीच म्हणत नाही. आमच्या घरी, आमच्या गल्लीत, उज्जैनच्या कुठल्याच मराठी घरात बोलताना कुणी म्हणत नाही. हिंदीतला खाली आमच्या मराठीत कधीचा येऊन राहिला आहे. बस खाली असते, खुर्ची खाली असते, डबा खाली असतो. लाटांमध्ये मी तुला ओरडून जे सांगितलं ते होतं, “पिशवी खाली आहे!”

आणि तू मालवणची. तू ऐकलंस ते तेच होतं. पिशवी खाली राहिली आहे, तळाशी.

तू का उतरलीस ते मला आज कळलं. सुटलेली पिशवी म्हणजे अजून एक जाळं, त्यात मासे अडकून मरतील, हे तू आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. जाळी काढायला आलेली माणसं स्वतःचं जाळं टाकून जातात, असं तुझ्या बाबांच्या नावेवर कुणी म्हणू नये. तू माझ्या हलगर्जीपणावर शिवी घातलीस आणि ते निस्तरायला गेलीस. आणि वर येऊन बघतेस तर पिशवी माझ्या खिशात. खोटारडी नाही तर काय म्हणशील?

मग मी लिहायला बसले तेव्हा अक्काच्या नियमाप्रमाणे शुद्ध लिहिलं. ‘खाली’ हिंदी म्हणून त्याच्या जागी ‘रिकामी’. मला आठवतसुद्धा नाही की मी शब्द बदलला. लिहिताना हात आपोआप करतो ते. वाक्यावर बोट ठेवून परत वाचलं आणि खरं आहे म्हणून सही केली. तू ते वाचलंस तेव्हा त्यातला एक शब्द तू ऐकलेलाच नव्हतास.

आपण दोघी खरं तेच बोललो होतो. दोघी.

मला हसू येतं आहे आणि ते थांबत नाही. अक्काला सांगितलं. तिने हातातली मोदकाची पारी ताटात ठेवली. मग म्हणाली, “शुद्ध लिही म्हटलं होतं मी. बोललेलं बदल असं नव्हतं म्हटलं.” आणि उठून देवघरात गेली. तिला वाईट वाटलं. वाटायला नको होतं.

उद्या संस्थेला लिहीन.

देवश्री


उज्जैन, १० सप्टेंबर

प्राजक्ता,

संस्थेला लिहिलं. घडलं ते जसंच्या तसं, ‘खाली’ या शब्दाचे दोन्ही अर्थ समजावून. उत्तर दोन ओळींचं आलं. प्रकरण बंद झालेलं आहे, माहितीबद्दल आभार. मी परत लिहिलं आहे, आणि फोन केला तर तो उचलणारे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, एका शब्दासाठी फाइल उघडत नाहीत.” मी म्हटलं, एका शब्दासाठीच बंद झाली होती. त्यांनी फोन ठेवला. मी सोडणार नाही. पण तुला लवकर न्याय मिळेल असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आधीच्या पत्रांत मी तुझ्याकडे काहीतरी मागत होते. आता मागायला संकोच वाटतो. मी तुझं नाव साफ करायला धडपडते ते तू डॉक्टरांना फोन करावास म्हणून, असं तुला वाटेल. तसं नाही. थोडं तसं आहे. दोन्ही आहे.

रुचिरदादाने टाकलेला फोटो बघितला, नाव रंगवून तयार, ‘ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू’. तू मागे उभी आहेस, डावा हात उजव्या हाताने धरून. केस कापलेस. पर्यटकांना घेऊन तू उतरणार, हे वाचून बरं वाटलं. निदान तुझं पाणी तुला परत मिळालं.

मला काही दिवस बरे गेले. मग काल परत. अपूर्वने मला काठी आणून दिली, भैरवगढच्या छापील कापडाची मूठ शिवून. म्हणतो, “स्टायलिश आहे ना? ऐटीत चाल.” मी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. दुबे चाचींनी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावली. त्यांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

देवश्री


उज्जैन, २५ सप्टेंबर

प्राजक्ता,

काल दुपारी डॉ. चारुलतांचा फोन आला. “तुझ्या मैत्रिणीचा फोन येऊन गेला. बराच वेळ बोलली.”

मी ओट्याला धरून उभी राहिले.

त्या म्हणाल्या की तू सगळं नीट सांगितलंस, खोली, तळाशी गेलेला वेळ, कुठेही न थांबता सरळ वर आल्याचं. तुझ्या घड्याळाने इशारा दिला होता, तो तू बघितला होतास, पण माझी हवा संपली होती म्हणून थांबणं शक्य नव्हतं, हेही. म्हणाल्या, “देवश्री, ऐक. हे तुझ्या स्वभावात नाही, तुझ्या पाठीच्या कण्यात आहे. जे बिघडलं ते सगळं परत मिळेल असं मी म्हणणार नाही. पण आपण प्रयत्न करायचा. पुढच्या आठवड्यात चेंबरची सोय करते.”

अण्णा शेजारी बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर ते उठून आत गेले आणि माझी डावी चप्पल घेऊन आले. तिला मागून पट्टा शिवून आणला होता, पायातून निघू नये म्हणून. कधी शिवून आणला होता देव जाणे. म्हणजे त्यांचा विश्वास होता, किंवा नसताना त्यांनी तेवढं केलं होतं.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही, संध्याकाळपर्यंत.

मग तुझा मेसेज आला. इतक्या महिन्यांनी तुझं नाव फोनवर बघितलं. एवढंच होतं: ‘गरम पाण्याने आंघोळ केल्यावर तुझं पण वाढतं काय?’

मी ‘हो’ लिहिलं. मग तुला फोन केला. तू उचलला नाहीस. परत केला. फोनवर बोललीस तरी ‘काही नाही गं, असंच विचारलं’ म्हणशील, म्हणून लिहिते आहे. अपूर्व हे आजच्या आज स्पीड पोस्टाने टाकणार आहे.

गरम पाण्याचं मी तुला एका अक्षराने लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. गरम पाणी अंगावर घेतलं की पाय पार निघून जातो, आणि नंतर तासभर बाथरूमच्या दाराला धरून उभं राहावं लागतं. हे सांगितलं तर सगळे हसतील, आता ही आंघोळीलाही घाबरते म्हणतील, म्हणून मी मे महिन्यापासून गार पाण्याने आंघोळ करते आणि उकाड्याचं कारण देते. हे बाहेरच्या कुणाला माहीत असणं शक्य नाही. ज्याला होतं त्यालाच माहीत असेल.

‘तुझं पण.’

मी मघाशी तो फोटो परत उघडला. डावा हात उजव्या हाताने धरलेला. मला वाटलं होतं, तू नुसती उभी आहेस.

मला कवटाळून तू वर आणलंस तेव्हा तू माझ्याच वेगाने वर आलीस. घाईने वर येण्याने जे काही व्हायचं ते आपल्या दोघींच्या अंगात झालं असणार. हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नाही. मी बंद गॅस तपासणारी, मला हे तपासायचं सुचलं नाही.

आणि तू ऑक्टोबरमध्ये उतरणार आहेस. पर्यटकांचा हात तुझ्या हातात असेल, त्याच हातात. तू गप्प का बसलीस ते मला कळतं. कळल्यावर कुणी तुला पाण्यात उतरू देणार नाही, आणि पाण्याशिवाय तुला दुसरं काही करायचं नाही. पण तू डॉक्टरांना माझं सगळं सांगितलंस आणि स्वतःचं गाळलंस. अर्धंच सांगितलंस.

दुसऱ्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगायची नाही, हे मी आजवर पाळलं. आज सकाळी मोडलं. डॉ. चारुलतांना फोन करून तुझा मेसेज वाचून दाखवला. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, तिला सांग, पाण्यात पाऊल टाकायचं नाही, आणि इकडे घेऊन ये, दोघींना एकत्र बघते. त्या स्वतः तुला फोन करणार आहेत. उचल. माझ्यावर हवं तेवढं रागाव. अण्णा म्हणतात, तिकीट ते काढतील आणि इंदूरच्या स्टेशनवर घ्यायला स्वतः येतील. तू त्यांना ओळखत नाहीस, पण काठी घेतलेली मुलगी शेजारी असेल.

शेवटी डॉक्टरांनी साधंच विचारलं, “तिला हे कधीपासून आहे?”

मला सांगता आलं नाही. पाच पत्रं लिहिली मी तुला. प्रत्येकात माझा पाय, माझी करंगळी, माझा शब्द. हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

कधीपासून आहे, प्राजक्ता?

देवश्री